घटाशेजारचे धनुष्य

झेंडू आणि जवसाच्या तेलाचा वास एकत्र आला की मला माझे पहिले धनुष्य आठवते. मुडबी गावच्या एका वृद्ध सुताराने ते माझ्या उंचीएवढ्या बांबूचे करून त्याला जवसाचे तेल चोळले होते. नजर गेल्यामुळे निव्वळ हाताच्या अंदाजाने तासले होते, आणि हे आपले शेवटचे असेही सांगितले होते. मी शाळेत शिक्षक होतो, पण तिरंदाजीत अगदी नवखा. बाण सोडून झाले की दोरी उतरवायची, नाहीतर बांबू वाकलेलाच राहतो, हा त्याने दिलेला पहिला धडा. घटस्थापनेला मी धनुष्य देवापुढे ठेवले, तेव्हा आई म्हणाली, "दोरी न्हाई तर नुसती काठीच दिसायलीय की रे!" मी दोरी चढवली. घट उठेपर्यंत तिथले काही हलवायचे नसते, म्हणून नऊ दिवस ती तशीच ताणलेली राहिली. दसऱ्याला बाण निम्म्या वाटेतच पडला. धनुष्य घेऊन मी सुताराकडे गेलो. त्याने त्या बांबूवरून बराच वेळ हात फिरवला. "जीव गेलाय ह्यातला, सर. मी सांगितलो न्हवतो का?" सांगितले होते, मी ते सुवाच्य अक्षरांत वहीत उतरवूनही घेतले होते. आज वर्गात मी काही सांगू लागलो आणि मुले माना खाली घालून लिहून घेऊ लागली, की मला पुढे बोलवत नाही.