डहाळ्यांचं जंगल

आमच्या बोरवाडीत एक बाई अशी आहे, की तिच्यासमोर सरपंचसुद्धा तोंडातली तंबाखू थुंकून, चूळ भरून मगच उभा राहतो. ती पोलीस नाही, तहसीलदार तर नाहीच. अंगणवाडीची सेविका आहे. नाव सिंधुबाई. चोवीस वर्षं तिनं गावातली पोरं सांभाळली, म्हणजे तिशीच्या आतल्या सगळ्या गावाचं नाक तिनं एकदा तरी पुसलेलं आहे. सरपंच तिच्या पहिल्या पोरांपैकी. त्यानं कितीही रुबाब केला, तरी दुपारच्या झोपेत चटई कोण ओली करायचं हे बाईला ठाऊक आहे. बाईला ठाऊक म्हणजे पारूबाईला ठाऊक, आणि पारूबाईला ठाऊक म्हणजे मुखेडच्या बाजारात कांदेवाल्यालाही ठाऊक. ही पारूबाई अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवते आणि बातम्या वाढते. या हकिकतीतलं निम्मं तिच्याकडून आलेलं, निम्मं मी अंगणवाडीसमोरच्या ओट्यावर बसून स्वतः पाहिलेलं.

सिंधुबाईचं माहेर भोकरकडं. तिकडं सागाचं थोडं रान आहे आणि ते जणू हिनंच लावलं अशा थाटात ती सव्वीस वर्षं बोलत आलेली आहे. “आमच्या भोकरला झाडं असतेत, हितं नुस्ते खांब,” हे वाक्य तिनं लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सासूला ऐकवलं होतं. नवरा रामलिंग पिठाची गिरणी चालवतो, चार एकर सोयाबीन आणि थोडी मोसंबीची बाग बघतो. बोलत नाही. गिरणीचा आवाज आहे म्हणून बोलत नाही असं तो सांगतो. आमचं म्हणणं, बोलावं लागू नये म्हणूनच त्यानं गिरणी टाकली.

यंदा जूनमध्ये अंगणवाडीत अकरा पोरं उरली. पर्यवेक्षिका शिल्पा मॅडम नांदेडहून येतात, मुलगी स्वभावानं गरीब. तिनं मान खाली घालून सांगितलं, की जुलैअखेर पंधरा पोरं दिसली नाहीत तर ही अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडतील, वरून तसं ठरलेलं आहे. शेजारचं गाव म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडं. तीन वर्षांची पोरं त्या ट्रकांमधून रोज कोण नेणार? कोणीच नेणार नाही, ती आपली शेतात बांधावर बसतील. सिंधुबाईला दुसरीकडं काम मिळालं असतं. पण “माझी खोली बंद होते आन मी दुसरीकडं जाऊन पाढे म्हणू?” असं ती पारूबाईला म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

बाकीची पोरं कुठं गेली होती? पिवळ्या व्हॅनमध्ये. मुखेडला एक इंग्रजी बालवाडी निघाली आहे. सगळ्यांत आधी माधवराव गुरुजींचा नातू यज्ञेश गेला. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी छत्री उघडली की गल्लीत पाऊस सुरू झाला असं धरायची पद्धत आहे. चार वर्षांचा यज्ञेश व्हॅनमध्ये चढला, त्याच्या मागं गल्लीतली चार पोरं चढली.

त्या बालवाडीत ‘रेनफॉरेस्ट डे’ झाला. गुरुजींची सून सौदामिनी हिनं त्याचं चित्रण साऱ्या गावाला दाखवलं. कागदाची झाडं, चमकीचा पाऊस, आणि हिरवं कापड गुंडाळून उभा असलेला यज्ञेश. तो झाड होता. पाऊण तास हलला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, की पाय दुखले. सिंधुबाईनं ते चित्रण तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, “समदं कागदाचं? मंग ह्येच्यात जंगल कुठं हाय?” सौदामिनी जरा फुगली. बाई मात्र ओट्याकडं येऊन मला म्हणाली, की येत्या शनिवारी आईबापांना बोलवते आणि खरं पावसाचं रान दाखवते. मी म्हटलं, बाई, तीन आठवडे ढग फिरकला नाही, तुम्ही पावसाचं रान कुठून आणताय? ती म्हणाली, “तुमी नुस्ते बसून ऱ्हावा.” तेवढं मला जमतं.

मग तिनं आठवडाभर फोनमध्ये डोकं घालून पोरांना रोज थोडंथोडं सांगितलं. तिथली झाडं इतकी उंच आणि खेटून असतात, की भर दुपारी खाली दिवेलागणीसारखं वाटतं. वरच्या पानावर पडलेला थेंब पानापानावरून घसरत जमिनीला लागेस्तोवर आपली एक गोष्ट सांगून होते. पानाच्या बेचक्यात वाटीभर पाणी साचतं आणि तिथं बेडकीण आपली पिल्लं वाढवते. एक जनावर दिवसभर फांदीला उलटं लटकून झोपा काढतं; ते कसं दिसतं हे समजावताना बाईच्या तोंडून “रामलिंगमामासारखं” असं निघून गेलं. दळण आणायला गेलेली पोरं दोन दिवस गिरणीच्या छताकडं बघत होती.

पोरांचे सवाल मात्र आपल्या मातीतले. तिथं रोज पाऊस पडतो म्हटल्यावर छोटी पुनम म्हणाली, “मंग कपडे कवा वाळतेत?” दुसऱ्यानं विचारलं, मग सोयाबीन कधी काढतात. इथं बाई अडखळली. काही ठिकाणी तिथलं जंगल पाडून सोयाबीनच पेरतात हे तिनं नुकतंच वाचलं होतं, आणि स्वतःच्या घरात सोयाबीनचीच पोती. तिनं ते रामलिंगला सांगितलं. तो म्हणाला, “तरीच भाव पडलाय.” त्या वर्षातलं त्याचं हे सर्वांत लांब भाषण. पण भला माणूस. मोसंबीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या त्यानं गुपचूप सोडवून आणल्या, अंगणवाडीच्या पत्र्याखाली आडव्यातिडव्या बांधल्या आणि पिंपाला जोडून दिल्या. पावसाची सोय झाली. राहिलं रान.

रानासाठी बाई दयानंदकडं गेली. आमच्याकडं लग्नाआधी मांडवावर घालायला हिरव्या डहाळ्या आणायच्या असतात. गावातले लोक गाडी घेऊन निघतात, जांभूळ, आंबा, उंबर तोडून गाडी भरतात आणि हलगी वाजवत दारात येतात. बाया बैलांच्या पायांवर पाणी घालून ओवाळतात. हल्ली बैल कमी झाले, तर ट्रॅक्टरच्या टायरवर पाणी घालतात. टायरही बिचारे मुकाट भिजतात. तर या डहाळ्या आणण्यात दयानंदचा हात धरणारा मुखेड तालुक्यात नाही. लग्नसराई संपून तो रिकामाच बसला होता. सिंधुबाईनं सांगितलं, शनिवारी अंगणवाडीला हिरवं पाहिजे, मांडवाला आणतेत तसं आण.

तिच्या मनात दोन भारे असावेत. दयानंदच्या मनात तिची चोवीस वर्षं होती. त्याची तिन्ही पोरं तिच्या हाताखालून गेलेली.

शनिवारी सकाळी आधी हलगी ऐकू आली. मग एकामागं एक दोन ट्रॅक्टर आले, दोन्ही हिरवेगार, टपापर्यंत भरलेले. पुढं दयानंद फेटा बांधून. मागं अर्धं गाव. अंगणवाडीच्या दारात आजवर डहाळ्या कुणी आणल्या नव्हत्या, तिथं काय कुणाचं लग्न लागतं! सिंधुबाई चौकटीत उभीची उभी राहिली, मग पारूबाईच्या हातातला तांब्या घेऊन तिनं टायरवर पाणी घातलं, दयानंदला ओवाळलं, आणि पदरानं डोळे पुसले. सांगायला हरकत नाही, मीही जरा दुसरीकडं पाहिलं. या डहाळ्या कुठून आल्या हे त्या घटकेला कुणालाच सुचलं नाही. ओढ्याकाठच्या जांभळांची रांग तेवढी बोडकी झाली होती.

तासाभरात खोलीचं रान झालं. भिंती दिसेनात. पिंपाचा नळ सोडला आणि पत्र्याखालून थेंब पडू लागले, पानावरून पानावर, पोरांच्या टाळूवर. आत गारवा, जांभळाच्या पानांचा वास. पोरं इतकी गप्प झाली, की थेंबांचा आवाज येत होता. दाराशी आईबाप दाटीवाटीनं उभे. सौदामिनी फोन वर धरून होती. यज्ञेश तिचा हात सोडवून पोरांत जाऊन बसला. माधवराव गुरुजी सर्वांत मागं, काठीवर दोन्ही हात ठेवून. बाईची सारी भिस्त त्यांच्यावर, ती बोलत पोरांशी होती पण बघत त्यांच्याकडं होती.

तिनं सगळं छान सांगितलं. कोणत्या फांदीवर कोण राहतं, कोण कुणाला खातं, कोण कुणाला लपवतं. मग म्हणाली, की असं रान आता थोडं उरलंय, माणसं तोडून राहिलीत, आणि झाड पडलं की त्यावरच्या सगळ्यांची घरं जातात.

यज्ञेश एका फांदीत हात घालून बसला होता. त्यानं पानं बाजूला केली. आत वाटीएवढं घरटं, त्यात बुलबुलाची दोन पिल्लं. एक चोच वर उघडून जोरानं ओरडू लागलं. दुसऱ्याची मान पडलेली.

“बाई,” तो म्हणाला, “ह्यांचं घर कोण मोडलं?”

हलगीवाल्यानं हलगी मागं लपवली. दयानंदचा चेहरा पाहवेना. तो चाचरत म्हणाला, “वाऱ्यानं पडली असंल फांदी, बाळा.” तीन आठवडे पान हललं नव्हतं, पण पोराला काय कळतंय. सगळे आईबाप माना डोलावू लागले. बाईला फक्त “हाव” म्हणायचं होतं. शनिवार तरला असता, पंधरा पोरं जमली असती, खोली वाचली असती.

सिंधुबाई खाली बसली, पोरांच्या उंचीला.

“वाऱ्यानं न्हाई,” ती म्हणाली. “मी तोडायला लावलं. दयानंदमामाची चुकी न्हाई. मला शोभा करायची होती, तवा झाडावर कोण हाय ते मी बघितलं न्हाई.”

पुनमनं विचारलं, की मग आता काय करायचं. बाईलाही ते माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सांगितलं.

पुढचं दयानंदनं केलं. फेटा काढून ठेवला, घरटं असलेली फांदी दोन्ही हातांवर घेतली आणि ओढ्याकडं चालू लागला. पोरं त्याच्या मागं, आईबाप पोरांच्या मागं. या वेळी हलगी वाजली नाही. जांभळाच्या बोडक्या बुंध्यापाशी त्यानं उंची बघितली, “हितनंच तोडली व्हती,” म्हणाला, आणि रामलिंगनं सुतळी काढून दिली. फांदी खोडाला बांधून सगळे लांब बांधावर जाऊन बसले. बोरवाडीचे पन्नास लोक तासभर गप्प बसले, हे मी लिहितोय म्हणून विश्वास ठेवा. शेवटी पक्षीण आली. दोनदा उडून गेली, तिसऱ्यांदा घरट्याच्या काठावर उतरली. मान पडलेलं पिल्लू तोवर गेलं होतं. दुसऱ्याला तिनं काहीतरी भरवलं.

परतताना माधवराव गुरुजी माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, चौतीस वर्षं शिकवलं, वर्गासमोर कधी “माझं चुकलं” म्हटल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, गुरुजी, चुकला नसाल. ते म्हणाले, “रोज चुकत होतो की.”

सोमवारी सकाळी पिवळी व्हॅन त्यांच्या दारात बराच वेळ हॉर्न वाजवत राहिली. घरात काय झालं ते पारूबाईनं मला सांगितलंय, पण सौदामिनी हे वाचेल, म्हणून थोडक्यात आटपतो. यज्ञेशनं बूट विहिरीच्या कट्ट्यामागं लपवले आणि पिल्लाला बघायला जायचंय म्हणून बसून राहिला. सून म्हणाली, इंग्रजीचं काय? गुरुजी म्हणाले, ते मी शिकवीन, बाई शिकवते ते मला येत नाही. आणि स्वतः नातवाला हाताला धरून अंगणवाडीत आले.

“ह्याला ठेवून घ्या, बाई,” ते म्हणाले.

“ठिवते,” सिंधुबाई म्हणाली. “पर तो चपला घालून आतमधी आलाय. आन गुरुजी, तुमी बी.”

गुरुजी मागं सरकून चपला काढू लागले. गल्लीतली उरलेली चार पोरं गुरुवारपर्यंत आली. ज्याला त्याला ओढ्यावर जायचं होतं. रोज दोघं जण पाणी घेऊन जात, त्या बोडक्या जांभळांच्या बुंध्याशी ओतत. दयानंदनं आपण होऊन रांगेत दहा रोपं लावली, आणि आता त्याच्याकडं डहाळ्या मागायला गेलं की तो आधी झाडाखाली उभा राहून बराच वेळ वर बघत बसतो. पुढच्या लग्नसराईत नवरदेवाकडचे वैतागणार आहेत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

जुलैअखेरीला शिल्पा मॅडम आल्या. पोरं जागेवर बसेनात म्हणून त्यांना दोनदा मोजावं लागलं. दोन्ही वेळा सोळा भरली. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, “राहते हो तुमची अंगणवाडी.” सिंधुबाईनं पारूबाईच्या हातून पळी घेतली आणि स्वतः खिचडी हलवायला बसली. पारूबाईनं मीठ आधीच टाकलं होतं. बाईनं पुन्हा टाकलं. पारूबाईनं पाहिलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प राहिली, आणि शिल्पा मॅडमनी ती खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.