कुंकवाखालची चीर

रहिमतपूरच्या जोतीरामानं दुसऱ्या महायुद्धात इराकात लष्कराच्या गोदामावर चार वर्षं ओझी उचलणारी फोर्कलिफ्ट चालवली होती. लढाई संपली, पलटण मोडली, आणि गावी येऊन दीड वर्ष झालं तरी त्याला कुणी साधी बैलगाडी हाकायलासुद्धा बोलावलं नव्हतं. परमुलखात जीव धोक्यात घालून आलेल्या माणसाची ही किंमत! म्हणून सांगलीच्या हळदपेठेतल्या नानासो आडत्याचा निरोप येताच तो पहिल्या गाडीनं निघाला. लष्करानं मोडीत काढलेली एक फोर्कलिफ्ट नानासो घेणार होता. जोतीरामानं ती तपासायची, आणि घेतली की चालवायची नोकरी त्याची.

विकणारा सयाजी दलाल भलताच बेरकी. यंत्राला नवा हिरवा रंग फासलेला, हार घातलेला आणि पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर हळदकुंकवाचे हे थर. पूजा झालेल्या वस्तूला कोण कशाला हात लावतोय?

जोतीरामानं इंजिनाचा आवाज ऐकला, साखळी ओढून पाहिली, तेल गळतंय का ते वाकून पाहिलं. सगळं ठीक होतं. पण कुंकू त्याला खटकलं. चारी बोटं ओढायची ती दर्शनी भागावर. हे मात्र काटा जिथं वळतो, त्या आतल्या कोपऱ्यात लिंपल्यासारखं बसवलेलं. सगळा भार येतो तो तिथंच. त्यानं रुमाल काढला आणि खसाखसा पुसलं.

"आरं आरं! पूजा पुसतुयास व्हय?" नानासो ओरडला. "देवाधर्माची काय चाड हाय का न्हाई?"

खाली बोटभर चीर होती. कधीतरी झाळून बुजवलेली, पुन्हा उकललेली. जोतीरामाचं टाळकंच सणकलं. लबाड माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती, पण देवाला पुढं करून माणसं मारायला निघालेला हा पहिलाच.

"आवं नानासो, भरल्या वज्यानं ह्यो काटा तुटनार. खालचा मानूस जाग्याव मरंल!"

सयाजीनं नानासोला बाजूला नेलं. दोघं थोडा वेळ कुजबुजले. परत आला तो नानासो खुशीत.

"भाव उतरवला त्यानं. घेतली म्या. उद्यापास्नं ये चालवायला."

"आन् काटा?"

"बगू म्होरं कवातरी."

"मग आत्ताच पोती चढवतो. तुमी ऱ्हावा खाली हुबं."

"मी कशाला? खाली हमाल असत्यात की."

भर पेठेत, हमालांच्या देखत तो हे म्हणाला. आवाजसुद्धा खाली आणला नाही.

हमालांचा म्होरक्या गुंडा पाठीवरचं पोतं टाकून ऐकत उभा होता. जोतीरामानं त्याचा हात धरून यंत्राजवळ आणलं आणि त्याचं बोट त्या चिरेवर टेकवलं. मग दुसऱ्या हमालाचं. मग तिसऱ्याचं.

"नोकरी गेली तुजी!" नानासो मागून किंचाळत होता.

"जाऊ द्या," जोतीराम मान न वळवता म्हणाला. "म्होरं कोन हाय रं? ये, बोट लाव."