भोंग्यात आवाज, तोंडात संत्रं

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत एक भोंगेवाला येतो. रिक्षावर भोंगा बांधून कधी साड्यांचा सेल, कधी डोळ्यांचं शिबिर पुकारतो. त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही, पण आवाज झोपेतही ओळखीन. संध्याकाळपर्यंत बिचाऱ्याचा घसा बसायचा, म्हणून खिशात कायम आल्याचा तुकडा.

परवा बघते तर आवाज तोच, खणखणीत. आणि हा मात्र रिक्षा हळूहळू हाकत मजेत संत्रं खातोय! मी चक्रावलेच.

“पोरीनं माहा आवाज मोबाइलले शिकवून देला जी,” तो हसून म्हणाला. “आता नुसतं लिहून देलं का थो माह्यावानीच बोलते. ना खोकत, ना थकत.”

“मंग भाऊ, उद्या तुमाले कोन पुसते?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं संत्र्याची बी थुंकली. “पयले मी बोलत होतो, लोकं आयकत होते. आता थो बोलते, अन् मी लोकायचं आयकून राहिलो.”

तेवढ्यात समोरच्या आजींनी हाक मारली. शिबिरात मोतीबिंदू बघतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भोंग्याला त्याचं काय! हा मात्र उतरला, हात पँटला पुसले आणि ओट्यावर बसून कुठं यायचं, सोबत कोणाला आणायचं, सगळं समजावू लागला. आजींनी चहाच टाकला.

रिक्षातून त्याचाच आवाज ओरडत होता, “त्वरा करा, त्वरा करा!” आणि तो बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत होता.