मावशी म्हणाली, मिरजेला चल

उंब्रजच्या आमच्या कबड्डी संघातल्या मुलींना मालिश करणारी मावशी, पाय हातात घेतला की आधी विचारायची, "कुणाचा राग आलाय?" नाव सांगितलं की तिचा अंगठा पोटरीत रुतायचा आणि आम्ही ओरडण्याऐवजी त्या माणसाचा उद्धार करायचो. निम्मं दुखणं तिथंच पळायचं. बहुतेकींच्या तोंडी आमच्या सरांचंच नाव असे. एकदा सर दाराबाहेर उभे राहून सगळं ऐकत होते. पुढं त्यांचीच मान आखडली, तेव्हा तेही मावशीपुढं येऊन बसले आणि तिनं विचारताच त्यांनी अख्ख्या संघाचा हिशेब चुकता केला.

मावशी मूळची बाळंतिणींना, तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालणारी. आमच्यातल्या कितीतरी जणी तिच्याच पायांवर न्हालेल्या. "ह्ये पाय मीच सरळ केल्यात," असं ती समोरच्या संघालाही ऐकवायची. आता ती कोयनानगरला लेकीकडं असते आणि तिथल्या पोरींना पिडते म्हणे.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात माझी पकड झाली आणि गुडघा पिळवटला. सगळ्यांनी मला उचलून मावशीकडं नेलं. एकदा चोळून दे, उद्या उभी राहील, असं सर म्हणत होते. मलाही तेच हवं होतं. मावशीनं गुडघ्यावर नुसता तळवा ठेवला. त्या दिवशी तिनं कुणाचा राग आलाय ते विचारलं नाही.

"ह्यात माजा हात चालायचा न्हाई," ती म्हणाली. "आत काय तरी तुटलंय. उद्या मिरजंला चल, मोठ्या दवाखान्यात."

मी रडले, तिला नाही नाही ते बोलले. सरांनी विनवून पाहिलं. ती हलली नाही. सकाळी मुली स्पर्धेला गेल्या आणि आम्ही दोघी एसटीनं मिरजेला. मी वाटेत तिच्याशी बोललेच नाही. तिनं आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी मात्र खाल्ली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुडघ्यातला बंध, म्हणजे लिगामेंट, तुटलाय, ऑपरेशन लागेल. तशीच खेळले असते तर गुडघा कायमचा गेला असता. मी मावशीकडं पाहिलं. ती पदरानं माझं नाक पुसत होती.

ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना मावशीनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं. ताज्या मारावर गरम तेल नको, बर्फ लावा, हे तिला तिथंच कळलं. गावात परतल्यावर तिनं ते घरोघर सांगितलं, आणि आजवर आपण उलटं करत होतो हेही हसत सांगितलं. माझ्या मांडीला मालिश करायची परवानगी त्या बाईंकडून मिळाली तेव्हा तर ती नवी साडी नेसून आली.

पुढच्या हंगामात मी पहिल्यांदा मैदानात उतरले, तेव्हा मावशी मैदानाकडं पाठ करून बसली होती. तिच्यानं बघवत नव्हतं. सामना संपला तशी मी धावत तिच्याकडं गेले. तिनं माझ्या तोंडाकडं न बघता आधी गुडघा चाचपला, वाकवला, सरळ केला. मग विचारलं, "कोण जिकलं गं?"

हरलो, मी म्हणाले.

"आसू दे," मावशी खुशीत म्हणाली. "पळत आलीस न्हवं माज्याकडं."