ग्रिलपलीकडची शेजारीण

चेन्नईत अण्णा नगरला आम्ही राहायला आलो, तेव्हा मजल्यावर हिंदी येणारी मी एकटीच होते. म्हणूनच समोरच्या फ्लॅटमधली कामवाली माझ्याशी बोलू लागली. झारखंडची, साधारण माझ्याच वयाची. अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं तीच करायची. मुलगा-सून कामावर जाताना बाहेरच्या लोखंडी ग्रिलला कुलूप लावून जात.

"अम्मा घरात एकट्याच असतात ना," सूनबाईंनी मला कारण सांगितलं होतं. आजी एकट्या नसतात, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एका दुपारी ती ग्रिलचे गज धरून उभी होती.

"दीदी, बाबा गेले माझे."

तिचा फोन मॅडमच्या कपाटात असायचा, फक्त रविवारी हातात मिळायचा. रविवारी तिला कळलं, तोवर गावात सगळं आटोपलं होतं.

"निदान आईला तरी भेटून येते म्हटलं. मॅडम म्हणतात, एजन्सीशी दोन वर्षांचं ठरलंय."

मी संध्याकाळी सूनबाईंना भेटले. त्यांनी कॉफी केली, सगळं ऐकून घेतलं.

"मला वाईट वाटत नाही का? पण ती गेली आणि परत आली नाही, तर अम्मांची कूस कोण बदलणार? मी नोकरी सोडू?"

त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मी कप खाली ठेवला आणि घरी आले.

मग एग्मोर स्टेशनजवळ घरकामगार बायकांच्या संघटनेचं ऑफिस आहे असं कळलं, तिथे गेले. तिथल्या वयस्क ताई म्हणाल्या, "आधी तिला विचार." मी ग्रिलपाशी विचारलं, "पोलीस आणू?" तिनं मागं वळून आजींच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणा."

शनिवारी ताई एका महिला पोलिसाला घेऊन आल्या. पण घरच्यांना सुगावा लागला होता. सोफ्यावर तिला इथे आणणारा एजन्सीचा एजंट बसला होता. तिच्याच शेजारच्या गावचा.

पोलीसबाईंनी तमिळमध्ये विचारलं, मी हिंदीत सांगितलं, "तुला इथे जबरदस्तीनं ठेवलंय का?"

तिनं एजंटाकडे पाहिलं. "नाही. मी खुशीत आहे."

"घाबरू नकोस. जायचंय का तुला?"

"नाही म्हणून सांगा, दीदी."

ती खोटं बोलतेय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. तरी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? पोलीसबाई उठल्या.

लिफ्टमध्ये ताई म्हणाल्या, "तिच्या आईचं घर त्या माणसाला माहीत आहे. ती तरी काय बोलेल? आणि ती बोलल्याशिवाय आमचे हात बांधलेले."

पुढच्याच आठवड्यात ती दिसेनाशी झाली. एजंटानं दुसऱ्या शहरात कामाला लावली, एवढंच सूनबाई म्हणाल्या. कुठल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. तिनं देऊन ठेवलेल्या नंबरवर मी किती वेळा फोन लावून पाहिला. बंदच. आजी दिवसभर तिला हाका मारत, त्या आमच्या हॉलपर्यंत ऐकू येत.

नंतर नवी बाई आली. मी हिंदीत तिची चौकशी केली. ती हसली आणि मान हलवत भरभर काहीतरी बोलली. हिंदी नव्हतं ते, तमिळही नव्हतं. पुन्हा बोलली, या वेळी जरा हळू, माझ्याकडे आशेनं बघत.

मला त्यातला एक शब्दही कळला नाही.