नाकारलेले अपडेट

आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा आदिवासी हक्क संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त येत. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे संघटनेच्या किन्हवलीतल्या वाचनालयाला जुना कॉम्प्युटर मिळाला तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं आणि लगेच पत्रकही काढलं. त्यात लिहिलं: ही प्रणाली कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही, तिला व्हायरस लागत नाही, बाहेरून येणाऱ्या हुकमांना इथे जागा नाही. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

त्या कॉम्प्युटरवर पाड्यातल्या लोकांच्या वनहक्क दाव्यांचे कागद स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागद तालुक्याला जमा झालेले. सुनावणीत दाखवायला आमच्याकडे एवढंच. अभ्यासाला येणारे त्याच कॉम्प्युटरवर वेगळ्या खात्याने बसत. दाव्यांचं फोल्डर त्यांना उघडत नसे.

मग लिनक्समध्ये एक भोक सापडल्याचं वाचलं. साध्या खात्यावरूनही अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती आली होती, फक्त अपडेट करायचं. मी शहापूरहून एसटी धरली.

पाहते तर कित्येक महिन्यांचे अपडेट पडून. वाचनालय सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं.

"येतं ना ते. मी रोज नाय म्हणते त्याला."

"का पण?"

"तूच छापलंस ना गो, बाहेरचा हुकूम घ्यायचा नाय. आणि ते सगळं इंग्रजीत. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका, हे पण तुमच्याच पत्रकात."

खरं होतं. त्या सवयीमुळेच पाड्याच्या जमिनी वाचल्या होत्या.

आधी सगळे दावे पेनड्राइव्हवर घेतले. वाचनालयाचं नेट त्या दिवशी गेलेलं, म्हणून फोनचं नेट जोडून अपडेट लावलं. रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन गजांना बांधला. दुपारभर पडद्यावरची अपडेटची रेघ मुंगीसारखी सरकत होती.

"कोणी आत शिरून कागद बदलले असतील तर?" मावशींनी विचारलं. त्यांच्या सासऱ्यांचा दावाही त्यातच होता.

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं.

त्या खुर्ची ओढून बसल्या. मी एकेक दावा वाचत गेले, त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. वरच्या अंगाला ओहोळ, खाली आईनाचं झाड, पलीकडे दिराचा तुकडा. प्रत्येक प्लॉटच्या चारी सीमा त्यांना पाठ होत्या. बरोबर. बरोबर. पुढचा वाच.

संध्याकाळ झाली तेव्हा सगळे दावे वाचून झाले होते आणि अपडेट लागून कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता.

"आता कायमचं झालं ना?"

"नाही मावशी. असं भोक पुन्हा सापडणार. पुन्हा बुजवायचं."

"मंग पयलंच तसं सांगायचं. खेकडे दरसाल बांध पोखरतात, आमी काय एकदाच लिंपून बसतो?" त्या जरा चिडल्याच होत्या. "मला वाटलं, तुमचं शहरातलं काहीतरी पक्कं असेल."

मग त्यांनी मला पडद्यावरची ती अपडेटची चौकट पुन्हा दाखवायला लावली, आणि 'हो' कुठे दाबायचं ते वहीत मराठीत लिहून घेतलं. मी फोन सोडवला. शेवटची एसटी यायला अजून वेळ होता. तोवर मी पत्रकातलं ते आवडतं वाक्य खोडायला बसले.