पावण्याचं तयारीचं वर्ष

वरवे बुद्रुक या आमच्या गावात आजवर जेवढी माणसं राहून गेली, त्यांत सगळ्यात अस्सल वरवेकर कोण, असं मला कोणी विचारलं तर मी सरपंचाचं नाव घेणार नाही, माझंही घेणार नाही. सुदान देशातून आलेल्या आमच्या भाडेकरूचं घेईन. घेईन म्हणजे, घेता आलं असतं तर. त्याचं नाव चार मजली होतं: खाली स्वतःचं, त्यावर बापाचं, त्यावर आजाचं आणि कळसाला पणज्याचं. माझ्या तोंडात त्यातला पहिला मजलासुद्धा कधी नीट बसला नाही. तो आला त्या दिवशी माझी बायको ओसरीवरून म्हणाली, "आवं, पावण्याला बसाय घोंगडं तरी टाका," आणि तेवढ्यावर त्याचं बारसं झालं. पुढं पोस्टमनपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्याला पावणं म्हणायला लागले. उंची अशी, की आमच्या दाराची चौकट वर्षभर त्याच्या कपाळाला लागत राहिली. बायको आतून ओरडायची, "वाकून या, पावणं." तो आधी आपटायचा आणि मग वाकायचा, वर "चुकलं" म्हणून चौकटीवरून हात फिरवायचा, जशी काय तिलाच लागली होती.

त्याचं वय चोवीस. त्यांच्याकडं लढाई पेटली, युनिव्हर्सिटी बंद पडली, म्हणून घरच्यांनी त्याला हिकडं धाडलेला. आमच्या हायवेकडेच्या कॉलेजात परदेशी पोरांसाठी एक वर्षाचा वर्ग होता. त्याची हकिकत मला सूनबाईनं सांगितली. ती नसरापूरला शाळेत इंग्रजी शिकवते. कॉलेजच्या आधीचं हे कॉलेज. वर्षभर इंग्रजी, गणित, कॉम्प्युटर. शेवटी परीक्षा, एक तोंडी, एक लेखी. इंग्रजीत शंभरात साठ पडले तर औषधांच्या डिग्रीला जागा पक्की. नाही पडले तर जागा नाही, आणि जागा नाही तर या देशात राहायचा व्हिसाही नाही. गावातल्या शिकलेल्यांना हे कळेना. मला लगेच कळलं. माझं शिक्षण चौथी, काही जण तीही अर्धीच म्हणतात, त्यांच्याकडं मी लक्ष देत नाही. पण मी भात लावणारा माणूस आहे. भात एकदम खाचरात पेरत नाहीत. आधी एका कोपऱ्यात तरवा टाकायचा, रोप हातभर होऊ द्यायचं, मग उपटून लावणी. मी पावण्याला म्हणालो, "तुमी सध्या तरव्यात हाय." त्याला तेव्हा काही कळलं नाही, पण तो हसला.

सूनबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "आबा, घरात मी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलते. त्यांना सवय होईल." मी नको म्हणालो. माझ्या उंबऱ्याच्या आत इंग्रजी बोलायचं नाही, हा नियम पावण्याच्या आधीपासूनचा. एकदा कचेरीत दोन साहेब माझ्यासमोर, माझ्याच जमिनीविषयी, इंग्रजीत बोलले आणि हसले. कशाला हसले ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नियम केला आणि माझ्या पोरानं, सुनेनं तो पाळला. सूनबाई म्हणाली, "आबा, त्यांना परीक्षा द्यायची आहे." मी म्हणालो, "वर्गात शिकंल की. घरात मानसावानी बोलावं." ती गप्प झाली. माझ्यापुढं माणसं गप्प होतात, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

मग तो मानसावानी बोलायला लागला. तीन महिन्यांत चहा मागायला, सहा महिन्यांत भांडायला आणि आठव्या महिन्यात म्हशीला शिव्या द्यायला शिकला. त्यांच्या मुलखात कोणी भेटलं की नुसतं बरं आहे का विचारून भागत नाही म्हणे; सगळी चौकशी करावी लागते. ती त्यानं जशीच्या तशी मराठीत आणली. सकाळी दप्तर घेऊन निघाला की पहिल्या दारात सुरू: "कसं काय, मामा? आंग बरं हाय का? झोप लागली? मामीचा गुडघा काय म्हनतो? रेडकू पितंय का? थोरल्याचा फोन आलता?" असं दर दारात. आमच्या घरापासून हायवे चालत दहा मिनिटं, त्याला पाऊण तास लागायचा. घाईतली माणसं त्याला बघून बोळ बदलायची. आळीच्या टोकाची एक विधवा म्हातारी मात्र रोज त्या वेळेला मुद्दाम दारात उभी राहायची, कारण तिचं अंग बरं आहे का, हे दिवसभरात विचारणारा तो एकटाच होता. तिचा नवरा त्याच वर्षी वारला, तेव्हा पावणा तिच्या दारात तीन दिवस बसून होता. वर्ग बुडाला. मी विचारलं तर म्हणाला, "मानूस गेल्यावर दार मोकळं ठिवत न्हाईत, आबा."

खाण्याचं म्हणाल तर आम्हाला वाटलं होतं हा उपाशी मरेल. पण त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की ही तर आमचीच ज्वारी. त्यांच्याकडं तिची कागदासारखी पातळ पोळी करतात. त्यानं एकदा आमच्या तव्यावर करून दाखवली. ती तव्याला अशी चिकटली की बायकोनं तो तवा उलथण्यानं दोन दिवस खरवडला आणि त्याला एक शब्द बोलली नाही. मी तसं केलं असतं तर मला घराबाहेर झोपावं लागलं असतं. बांधावरच्या लाल अंबाडीची आपण भाजी करतो; त्यानं तिची बोंडं वाळवली, उकळली आणि लालभडक सरबत केलं. सगळ्या आळीला पाजलं. सगळ्यांनी तोंड वाकडं करून "लई भारी" म्हटलं. चहात मात्र पाच चमचे साखर. बायको म्हणायची, "ह्यो च्या पेत न्हाई, पाक पेतो."

शुक्रवारी तो पांढरा पायघोळ अंगरखा घालून, कापूरहोळला गाडी बदलून, भोरला नमाजाला जायचा. तिथं एका शिंपीकाम करणाऱ्या चाचांशी त्याची ओळख झाली. चाचा तीन पिढ्यांचे भोरकर, पण परदेशी माणूस म्हणून अदबीनं उर्दूत बोलायला गेले. हा म्हणाला, "चाचा, सरळ बोला की. मला ह्यातलं काय उमगंना." ही गोष्ट सांगायला चाचा मुद्दाम वरव्याला आले आणि सांगताना हसून हसून त्यांना खोकला लागला. मीही हसलो. सूनबाई चहा घेऊन आली होती. ती हसली नाही. कप ठेवताना हळूच म्हणाली, "आबा, परीक्षेला चारच महिने राहिलेत."

त्याच महिन्यात एका दुपारी तो वर्गातून लवकर आला. दाराशी आला आणि पहिल्यांदाच न आपटता वाकला. मी ओसरीवर दोर वळत होतो. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, आमचा थोरला भाऊ गेला. घरावर गोळा पडला. माती द्यायला आमच्यातलं कुनीबी नव्हतं." एवढंच. त्याच्या वर्गात त्याची भाषा बोलणारी पोरं होती, फोनवर आई होती. तरी हे सांगायला तो माझ्याकडं आला, आणि माझ्या भाषेत आला. मी दोर खाली ठेवला. बायकोनं चुलीवरचा तवा उतरवला. घरचं माणूस गेलं की आमच्यात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात. मी कोणाला सांगायला गेलो नव्हतो, पण दिवस मावळायच्या आत सात घरांतून पिठलं-भाकरी आली. पहिली आणली ती टोकाच्या म्हातारीनं. तीन दिवस आमची ओसरी रिकामी राहिली नाही. ज्यांच्या ज्यांच्या दारात तो बसला होता ते येऊन बसले, आणि ज्यांना त्याची चौकशी नकोशी व्हायची तेही आले. हजारो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचं सुतक वरव्यानं पाळलं.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेहून आला तो हसत आला. म्हणाला, "आबा, सायबानं विचारलं, तुमी ऱ्हाता ती जागा कशी हाय, सांगा. दोन वाक्यं इंग्रजीत गेली. मंग आपला गोठा आठावला, आन तोंडातनं समदं मराठीच येऊ लागलं. थांबंचना." मी विचारलं, "मंग?" तो म्हणाला, "एक सायब हिकडचंच व्हतं. हसलं. म्हनलं, असं बोलनारा आता आमच्याबी गावात उरला न्हाई. पर मार्क इंग्रजीचं हायेत." हे लिहायला मला आज जड जातं, पण लिहितो: त्या संध्याकाळी मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन हा किस्सा तीन जणांना सांगितला, आणि ताठ मानेनं सांगितला.

निकाल लागला. गणितात तो वर्गात पहिला आला. इंग्रजीत शेहेचाळीस.

अजून एक संधी होती, अडीच महिन्यांनी. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरात जी शांतता झाली तशी कोणी मेल्यावरही होत नाही. उंबऱ्याचा नियम मी मोडला. नुसता मोडला नाही, उलटा केला: पावण्यासमोर मराठी बोलायचं नाही. आता आमच्या घरात धड इंग्रजी बोलता येणारं माणूस एकच. त्यामुळं सूनबाई आणि पावणा दोन-दोन तास बोलायचे आणि बाकीचे आम्ही मुक्यासारखे जेवायचो. बायकोला मीठ हवं असलं तर ती बोटानं दाखवायची. मी "येस" आणि "नो" एवढ्यावर दिवस काढले, आणि तेही कुठं कुठलं म्हणायचं ते चुकायचं. म्हणून मी गोठ्यातच बसायला लागलो. एकदा तो तिथं आला. म्हणाला, "आबा, माज्यावर रागावला का?" मी म्हशीकडं बघत राहिलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. रागावलो नाही, एवढे दोन शब्द मला इंग्रजीत येत नव्हते.

दुसऱ्या खेपेला सत्तावन्न पडले.

मी पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून कॉलेजात गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, मला खुर्ची दिली. मी म्हणालो, "बाई, त्याची चूक न्हाई. म्या त्याला घरात इंग्रजी बोलू दिलं न्हाई. त्याचं तीन मार्क त्याला द्या, आन काय नापासबिपास लिवायचं ते माज्या नावावर लिवा. मला आता कुटं जायाचं हाय?" बाईंनी गुणांचा कागद पुढं ओढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "आजोबा, मुलगा हुशार आहे, मलाही वाईट वाटतंय. पण साठ म्हणजे साठ. आणि तुम्ही म्हणता ते लिहायला आमच्याकडे रकाना नाही." मी उठलो. कचेरीतून मी असा आवाज न चढवता पहिल्यांदाच बाहेर पडलो.

त्याचं गाव तर उरलं नव्हतं. आई आणि बहीण मिसर, म्हणजे इजिप्त देशात पळून गेल्या होत्या, एका खोलीत राहत होत्या. तो तिकडं गेला. निघायच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "पावणं, माज्यामुळं झालं." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्यात तशी रीत आहे, आणि म्हणाला, "आबा, तुमी माज्याशी मराठीत बोलला नसता तर थोरला गेला तवा म्या कुनाला सांगितलं असतं?" मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. त्यानं बरं वाटलं नाही.

तिकडं त्यानं पुन्हा तसाच एक वर्ग धरला आहे. पुन्हा तयारीचं वर्ष, पुन्हा इंग्रजी, पुन्हा साठ. दर शुक्रवारी दुपारी माझ्या मोबाईलवर फोन येतो. मी हिरवं बटण दाबतो आणि, त्याच्या कानात पुन्हा मराठी नको म्हणून, काही न बोलता फोन सूनबाईच्या हातात देतो. पहिल्या वेळी पलीकडून "आबा हायेत का?" असं आलं, तेव्हा मी तिला खुणेनं सांगितलं, रानात गेलेत म्हण. आता तो विचारत नाही. दोघं अर्धा तास इंग्रजीत बोलतात, फोनचा आवाज मोठा असतो आणि मी शेजारी बसून ऐकतो. मला एक अक्षर कळत नाही. आधी तो अडखळायचा, थांबायचा. हल्ली थांबत नाही, एवढं मात्र कळतं. फोन ठेवला की मी विचारतो, "माजं काय म्हनला का?"

"म्हणाले की. मराठीत सांगू का, आबा?"

"नगं. तो म्हनला तसंच सांग."

ती इंग्रजीत सांगते. मी ऐकून घेतो, आणि अजून एकदा म्हणायला लावतो.